हात मावेल एवढी जागा

मित्रांनो, मी एक जुना प्लगपाना आहे. बंगळुरातल्या येलहंक्याच्या मोठ्या रस्त्यालगत एक गॅरेज आहे. तिथले शटर वाऱ्याने वाजू नये म्हणून सध्या मला त्याच्या फटीत ठोकून बसवले आहे. अंगावर गंज चढला आहे, मान एका बाजूला कलली आहे. पण मी मुळात असा नव्हतो.

पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग असतात. ते ठिणगी पाडतात, तेव्हा गाडी पळते. ते झिजले की गाडी गचके खाते, मग नवे बसवावे लागतात. समोरचे प्लग कोणीही काढील. पण काही मोठ्या गाड्यांत इंजिन आडवे असते आणि मागच्या रांगेतले प्लग पार आतल्या पत्र्याला खेटलेले असतात. तिथे नजर पोचत नाही आणि दांडगा हात शिरत नाही. त्या प्लगांसाठी नंदूने मला घडवले.

नंदू हा गॅरेजचे मालक चंद्रकांत यांचा धाकटा भाऊ. त्यांचे घराणे बंगळुरात मुरलेले. बोलणे मराठी, पण अधूनमधून कानडी डोकावायचे. नंदूने बाजारातला साधा पाना कापला, त्याच्या मानेत सांधा बसवला आणि मला कुठेही वळता येईल असे केले. संध्याकाळी तो मला खिशातून घरी नेई. त्याची बायको श्यामला मला पुसून तेल लावी.

"आत दिसत नाही, मग प्लग सापडतो कसा हो?" तिने एकदा विचारले.

"बोटांनी बघायचं. आणि इंजिन तापलेलं असलं तर हातच घालायचा नाही. तापलेलं इंजिन कुणाचं ऐकत नाही," नंदू म्हणाला.

ते माझे सुखाचे दिवस होते. मग नंदूला कावीळ झाली आणि ती पोटातच उतरली. तो गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर चंद्रकांत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "श्यामला, हात पुढे कर बघू." तिने गोंधळून हात पुढे केला. त्यांनी अंगठा आणि बोट यांच्या कडीत तिचे मनगट धरले, पाइपाची जाडी बघावी तसे. "बरोबर मावेल," ते म्हणाले. "उद्यापासून गॅरेजला ये. बसून खायला हे काही देवस्थान नाही."

श्यामला आली. नंदूचे बोलणे तिने इतकी वर्षे कान देऊन ऐकले होते. ती मला घेऊन त्या अंधाऱ्या फटीत हात घाली, डोळे मिटी आणि बोटांनी प्लग शोधी. नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवी, मगच मला लावी. जे प्लग काढायला इतर गॅरेजांत अर्धे इंजिन उतरवत, ते ती तसेच काढी. जे. पी. नगरसारख्या लांबच्या भागातूनही गाड्या येऊ लागल्या. लोक म्हणत, "अक्कांच्या हातात जादू आहे." चंद्रकांत हसून सांगत, "ही आमची स्पेशल टूल." जाहिरातीसाठी त्यांनी फोटोही काढला. त्यात तिचा हात होता आणि मी होतो. तिचा चेहरा मात्र त्यांनी कापून टाकला.

मग ती दुपार आली.

अमित नावाचा एक गृहस्थ आणि त्याची बायको प्रतिमा विमानतळाकडे निघाले होते. प्रतिमाचे आईवडील नागपूरहून येणार होते. अमितने नुकतीच जुनी पण मोठी गाडी घेतली होती, आणि ती वाटेत गचके खाऊ लागली. तो गॅरेजमध्ये शिरला तेव्हा बॉनेटमधून धग येत होती.

श्यामला म्हणाली, "प्लग गेलेत. पण स्वल्प थांबावं लागेल. इंजिन थंड होऊ दे."

"थांबायला वेळ नाहीये. लँडिंग झालं असेल आता."

"मग टॅक्सी करूया ना," प्रतिमा गाडीतून म्हणाली.

"टॅक्सीच करायची तर ही गाडी कशाला घेतली? बाबांना हीच दाखवायची आहे मला." मग तो चंद्रकांतांकडे वळला. "तुमचं नाव ऐकून आलो. जमत नसेल तर सांगा, तसा रिव्ह्यू टाकतो."

चंद्रकांतांनी मान डोलावली. "सरी, सरी. बरं, आत्ता होईल. श्यामला, घाल हात."

"अण्णा, भाजेल."

"चुलीवर नाही का भाजत? घाल."

तिने हाताला जाड फडके गुंडाळले. फडक्यासकट हात फटीत जाईना. तेव्हा चंद्रकांतांनी ते फडके ओढून काढले आणि खांद्यावर टाकले. "आता जाईल," ते म्हणाले.

हात गेला. मीही गेलो. मित्रांनो, तिथे केवढी धग होती! पहिला प्लग निघाला. दुसराही निघाला. शेवटचा मात्र तापून फुगलेल्या धातूत घट्ट बसला होता. तिने जोर लावला, माझी मान सटकली, आणि तिचे मनगट धुराचा तापलेला पाइप आणि पत्रा यांच्यात अडकले.

ती किंचाळली. "अण्णा! हात अडकला!"

"ओढू नकोस!" चंद्रकांत ओरडले. "वायर तुटेल! महागाची असते ती."

"वायर जपून हं," अमितही म्हणाला.

मग चंद्रकांतांनी आधी त्या वायरींच्या क्लिपा सोडवल्या, एकेक करून, नीट. तोवर तिचा हात पाइपाला टेकलेलाच होता. प्रतिमाने तोंड फिरवले आणि गाडीची काच वर केली. करपल्याचा वास गॅरेजभर पसरला. हात बाहेर आला तेव्हाही मी तिच्या मुठीत होतो, कारण मूठ उघडत नव्हती.

शेवटी अमित आणि प्रतिमा टॅक्सीनेच गेले. गाडी तिथेच राहिली. निवल्यावर तो शेवटचा प्लग दुसऱ्या कामगाराने समोरचा पसारा उतरवून सहज काढला.

चंद्रकांतांनी श्यामलाच्या हाताला टूथपेस्ट लावली आणि शेजाऱ्यांना सांगितले, "कुकरची वाफ लागली." डॉक्टरकडे नेले ते हात सुजून काळा पडल्यावर. जखम भरली, पण कातडी आखडली. तिची बोटे वाकेनात. "टूल बिघडली," असे चंद्रकांत एका गिऱ्हाइकाला म्हणाले, आणि दोघेही हसले.

नंतर त्यांनी लवचीक दांड्याचा नवा पाना आणला. श्यामलाच्या वाट्याला झाडू आला. तोही तिच्या हातातून निसटे, मग ते सगळ्यांदेखत तिच्या बोटांची नक्कल करून दाखवत.

एका सकाळी ती पिशवी घेऊन उभी राहिली. "अण्णा, मी आनेकलला बहिणीकडे चालले. तो पाना नेऊ का? त्यांनी केलेला आहे."

"ने की," चंद्रकांत म्हणाले. त्यांनी मला उचलून तिच्या भाजलेल्या हातासमोर धरले आणि तिने बोटे पुढे करताच सोडून दिले. मी फरशीवर आदळलो. "धरता येत नाही, आणि पाना पाहिजे!"

ती खाली वाकली आणि तिने डावा हात पुढे केला. तेवढ्यात त्यांनी माझ्यावर पाय ठेवला. "दुकानाची वस्तू आहे."

तिने त्यांच्या बुटाकडे पाहिले. मग वर तोंडाकडे पाहिले. मला वाटले, आता ती रडेल किंवा पाय धरेल. तिने यातले काहीच केले नाही. "असू दे," ती म्हणाली. "लोखंडच आहे. तुम्हालाच शोभेल." आणि ती रस्ता ओलांडून गेली. तिचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही. गॅरेजमध्ये कोणी तिचे नावही काढत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी अवजारे शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला तेलपाणी करा, गंजू देऊ नका. मी तसे काही मागणार नाही. मी गंजलो तरी मला दुखत नाही. पण कधीतरी तुमचीही गाडी रस्त्यात अडेल. बॉनेट उघडेल, वाफ येईल, मोठी माणसे घड्याळ बघतील आणि कुणाला तरी म्हणतील, "घाल हात." तेव्हा तुम्ही मागच्या सीटवर असाल. तुम्हाला लहान समजून कोणी काही विचारणार नाही. तरीही काच वर करू नका. खाली उतरा आणि मोठ्याने म्हणा, "थांबा. आम्हाला उशीर झाला तरी चालेल."