चिलटांची हकालपट्टी

“ज्या फळाकडे चिलटं फिरकत नाहीत, ते चिंगीला देऊ नकोस,” असं नात फळं खायला लागली त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी सूनबाईला बजावलं होतं. सूनबाई हसली होती. आहारशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईने आता चिलटांकडे शिकवणी लावायची का?

सासऱ्यांची उभी हयात फळांच्या गोदामात माल तपासण्यात गेली होती. पेट्या आल्या की ते झाकणं किलकिली करून ठेवायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. जिच्यावर चिलटं घोंगावली ती पेटी पास. जिच्या वाऱ्यालाही ती उभी राहिली नाहीत, ती बाजूला. “पिकलेलं त्यांना आवडतं, बुरसलेलं नाही. आत बुरशी धरली की आपल्याला दिसायच्या आधी त्यांना वास लागतो,” ते म्हणायचे.

पण दिवसभर चिंगी आजोबांकडे, आणि सूनबाईचा जीव टांगणीला. ऑफिसातून ती तीनदा फोन करायची. फ्रिजवर तिने लावलेले तक्ते इतके झाले होते की दार उघडायला जागा शोधावी लागे. शेवटी तिने चिलटांवर मोहीम काढली. व्हिनेगरच्या वाट्या मांडल्या, खिडकीला जाळी ठोकली, फळांवर झाकण आलं. आठवड्याभरात एक चिलट औषधालाही उरलं नाही. इमारतीच्या ग्रुपवर तिने फोटोसह विजय जाहीर केला. बत्तीस अंगठे आले.

मग फळं कमी होऊ लागली. चिंगीसाठी सकाळी मोजून ठेवलेल्या नासपतीचं अर्धं गायब. दुसऱ्या दिवशी सफरचंदाचं तेच. शिवाय फोन केला की कळायचं, चिंगीचा अकराचा खाऊ बाराला.

“बाबा लेकराच्या तोंडचं खातात,” ती नवऱ्याला म्हणाली.

“खाऊ दे गं. मी त्यांचं काय कमी खाल्लंय?”

त्यातच सासऱ्यांचं पोट दोनदा बिघडलं. सूनबाईने लगेच हात धुण्याचा नवा तक्ता लावला, पायरी-पायरीने, चित्रांसकट.

शनिवारी सुट्टी होती. “बाजारात जाऊन येते,” म्हणून ती निघाली आणि पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. सासऱ्यांनी नासपती चिरली. अर्धी स्वतः खाल्ली, अगदी सावकाश, परीक्षेला बसल्यासारखं. उरलेली झाकून घड्याळासमोर बसले. चिंगीने भोकाड पसरलं.

“थांब गं राणी. आजोबाला काही झालं नाही तर तुला देतो.”

सूनबाईच्या हातातली पिशवी खाली पडली.

“बाबा, हे काय चाललंय?”

सासरे चोरी पकडल्यासारखे ओशाळले. “दोन वर्षं झाली, नाकाला काही कळत नाही. परवा तुझं दूध करपलं, सगळे नाक मुरडत होते, मी दोन पेले प्यायलो. तुला वाटलं मी मन राखतोय.”

“आणि फळं?”

“चिलटं होती तोवर निभावलं. त्यांचं नाक, माझे डोळे. तू त्यांना हाकललंस, म्हटलं आता आपणच चिलट व्हावं. दोन फळं खराब निघाली. तेही मला पोटानेच सांगितलं.”

“मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं, तर चिंगीला माझ्याजवळ ठेवलं असतंस?”

फ्रिजवरच्या एकाही तक्त्यात याचं उत्तर नव्हतं. ते तिच्याजवळ होतं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने अर्धी नासपती उचलली, खोल हुंगली, चिंगीच्या हातात दिली आणि चिंगीला आजोबांच्या मांडीवर बसवलं. हात धुण्याचा तक्ता काढला. व्हिनेगरच्या वाट्या मोरीत ओतल्या.

संध्याकाळी ग्रुपवर तिचा संदेश आला. कुणी वाचण्याआधीच सवयीने अंगठे आले, म्हणून तिने तो पुन्हा टाकला:

“मागे विजय कळवला होता, तो मागे घेते. फळं आता रोज सकाळी मी हुंगून ठेवणार, मग बाबा चिंगीला भरवणार. तुम्हीही आज एक करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला डोळे मिटायला सांगा, नाकाशी सोललेलं संत्रं धरा आणि विचारा, हे काय आहे. कळलं नाही, तर ओरडू नका, त्यांच्या हातचं काम काढून घेऊ नका. आणि त्यांचं पोट अलीकडे कसं आहे, तेवढं विचारा.”