उभं अक्षर

"मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा," कुझेसान म्हणाली. "परीक्षा तुमची नाही, या पानाची आहे."

जपानमधल्या आमच्या शहराच्या नगरपालिकेनं जुन्या सभांची इतिवृत्तं ऑनलाइन शोधण्यासाठी नवं पान बनवलं होतं. लोकांना ते कितपत जमतं हे तपासायला कुझेसान विद्यापीठातून आली होती. मागच्या खुर्चीवर पालिकेचे उमेमियासान बसले होते. मी चाचणीसाठी नाव दिलं ते त्यांच्यासमोर शोधता यावं म्हणूनच.

वडील गेल्या पुरात गेले. आधी पंपघर बुडालं, मग आमची गल्ली. शेजारच्या म्हातारीला उठवायला गेले ते परतले नाहीत. पंपघर नदीकाठापेक्षा खाली बांधताय, हे त्यांनी जनसुनावणीत सांगितलं होतं. पालिकेचं उत्तर आलं, असा इशारा कुणी दिल्याची नोंद आढळत नाही. मी पालिकेत चौकशीच्या खिडकीवर गेले तेव्हा उमेमियासान कमरेत वाकून म्हणाले, "सगळं ऑनलाइन आहे. आपणच शोधून पाहा ना."

मी 'पंपघर' टाकलं. हजारो निकाल, नवे सगळ्यात वर. वर्ष निवडायची सोय कुठेच दिसेना.

"काय विचार करताय?" कुझेसाननं विचारलं.

"की हे पान शोधायला नाही, लपवायला बनवलंय."

मागे खुर्ची करकरली.

वडिलांचं नाव टाकलं. 'जुळणारं काही नाही.' बाकी कोरं पान. दुसरं काय करून पाहावं, तेवढंही कुणी लिहिलं नव्हतं.

"बोलत राहा, इसोझाकीसान."

"आडनाव बघून वडील आठवले. नव्या वर्षाच्या कार्डावर कुणी ते असं, या पडद्यावरच्यासारखं लिहिलं की चिडायचे. त्यातलं 'झाकी' हे चित्राक्षर दोन तऱ्हांनी लिहितात. नेहमीच्या अक्षरात एका कोपऱ्यात 'मोठा' या अर्थाची खूण असते, आमच्यात त्या जागी 'उभा'ची. म्हणायचे, आपण मोठे कधी नव्हतो गं, पण उभे आहोत."

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. कीबोर्डनं आपणहून दिलेलं अक्षर मी पुसलं. पर्यायांच्या यादीत पार तळाशी गेले आणि 'उभ्या'चं निवडलं.

एक निकाल.

"अरे वा, सापडलं की!" उमेमियासान पुढे झुकले. "आपलं अक्षरच जरा दुर्मीळ, त्यामुळे..."

"अक्षर तुमच्याच दप्तरातलं आहे. जन्माच्या नोंदीत तुम्ही तेच लिहिलंत, मृत्यूच्याही. कराची नोटीस तर त्याच अक्षरात बिनचूक येते. तेव्हा बरे सापडतो आम्ही."

ते कुझेसानकडे वळले. "रेकॉर्डिंग जरा थांबवता का?"

"चाचणी चालू आहे," ती म्हणाली.

मी पडद्यावरचं वाचू लागले. आवाज चढू दिला नाही.

"इसोझाकी तोकुजी: पंपघर काठाच्या खाली बांधलंत, तर पुरात पहिला बुडेल तो पंपच. मग पाणी उपसणार कोण? तुम्ही?"

पुढे कंसात लिहिलं होतं, 'हशा'. तेही वाचलं. त्याखालची ओळही वाचली.

"अध्यक्ष: सूचनेची नोंद घेण्यात आली आहे."

खोलीत कुणी हसलं नाही. उमेमियासान पडद्याकडे बघत होते. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"काय विचार करताय, उमेमियासान? मोठ्यानं बोला."