नवरदेवाचा अडकित्ता

हळद काल लागली, लग्न उद्या, आणि तिवस्याच्या मैदानावरची फायनल नेमकी मधल्या दिवशी येऊन पडलेली. शहाण्या माणसानं अशा वेळी घरात गुपचूप बसावं, बायकांची चेष्टा ऐकावी आणि पोटभर जेवावं. पण सागर हा तिवस्याचा एकुलता एक धड बॉलर. त्यात समोरचा संघ अकोल्याचा, म्हणजे त्याच्या होणाऱ्या बायकोच्या, प्राजक्ताच्या गावचा, आणि कप्तान तिचा सख्खा भाऊ अंकुश. घरी बसला असता तर जावई भ्याला म्हणून तिकडं हसले असते.

आईनं, मैनाबाईनं, एका अटीवर सोडलं. हळद लागलेल्या नवरदेवानं लोखंड अंगावेगळं करायचं नाही, म्हणून घरातला लहानसा अडकित्ता तिनं आपल्या हातानं त्याच्या खिशात घातला. ‘काढू नको, माही आन हाय तुले,’ म्हणाली. सागरनं ते हसण्यावारी नेलं नाही. त्याचा मोठा भाऊ मंगेश असाच हळदीच्या अंगानं मोटरसायकलवर हार आणायला गेला होता आणि घाईत अडकित्ता फळीवरच राहिला होता. नागपूर रोडवर ट्रकनं उडवलं, तो उठलाच नाही. ट्रकला अडकित्त्याशी काय देणंघेणं, हे सागरला कळत होतं. पण आईला ते सांगायची त्याची कधी छाती झाली नाही.

सामना रंगात आला होता. अकोल्याची बॅटिंग, धावा थोड्याच हव्या होत्या. सागर सवयीनं चेंडू उजव्या मांडीवर घासत होता, आणि अडकित्ताही उजव्याच खिशात. पँटचं कापड पातळ. लोखंडाचं टोक कधी बाहेर डोकावलं ते त्याला कळलंच नाही. कळलं ते अंपायर वामनरावांना.

वामनराव अमरावतीचे, एसटीतून निवृत्त झालेले. यांनी एकदा आपल्या सख्ख्या जावयाला पायचीत दिलं होतं, तेव्हापासून जावई सासुरवाडीला फिरकेना. असल्या माणसापुढं कोणाचा काय पाड? त्यांनी चेंडू फिरवून पाहिला. चामड्यावर ताजे ओरखडे होते.

‘खिशात काय हाय?’

सागरनं अडकित्ता खिशातूनच वर करून दाखवला. आधी अख्खं मैदान हसलं. मग वामनरावांनी एका हातानं आपलाच दुसरा खांदा थोपटला, म्हणजे समोरच्या संघाला दंडाच्या पाच धावा, आणि सगळ्यांचं हसू जिथल्या तिथं विरलं. पाच धावा म्हणजे चेंडू मुद्दाम खराब केला, असा त्याचा सरळ अर्थ.

पिचवर उभ्या अंकुशनं हळूच विचारलं, ‘भाऊजी, हे खरं हाय का?’

त्या प्रश्नापेक्षा सागरला कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तिवस्याचा कप्तान प्रफुल्ल म्हणजे आधीच तापलेला तवा. ‘हळदीच्या पोराले चोर म्हनता? आमी नाई खेळत!’ असं ओरडून त्यानं सगळा संघ लिंबाच्या झाडाखाली नेऊन बसवला.

‘दहा मिनिटं देतो,’ वामनराव स्टंपांजवळूनच म्हणाले. ‘नाई आले तर बेल्स उचलतो, सामना अकोल्याले. आन् तो अडकित्ता खिशात ठिऊन मी खेळू देनार नाई.’

आता झाली ना पंचाईत! अडकित्ता काढावा तर आईची आण. न काढता बाहेर बसावं, तर चोरी पकडली म्हणून बसला असंच होणार, आणि ती गोष्ट वरातीच्या आधी अकोल्यात पोचणार. प्राजक्ता बोहल्यावर कोणाच्या गळ्यात हार घालणार, लबाडाच्या? सागरला रडू यायचं बाकी होतं. त्यानं आईला फोन लावला.

‘आई, अडकित्ता काढा लागते.’

मांडवातल्या बायकांची गाणी ऐकू येत होती. ‘काहून?’

त्यानं सगळं सांगितलं.

‘तुले चोर म्हनून रायले?’

‘हो.’

‘अंकुशसमोर?’

‘साऱ्याईसमोर.’

गाणी लांब गेली; आई मांडवाबाहेर आली असावी. मग म्हणाली, ‘काढ. पन मी आल्यावर काढ. माह्या हातात देजो.’

सागर आधी प्रफुल्लकडं गेला. ‘माह्यासाठी बसले नं तुमी? मंग माह्यासाठीच उठा.’ प्रफुल्लनं चार शिव्या हासडल्या आणि उठला. संघ मैदानात आला. सागर वामनरावांना म्हणाला, ‘काका, आई येऊन राहिली. तवर थांबता?’

‘कोनासाठी थांबाचा नियम नाई,’ वामनराव म्हणाले. ‘चेंडू मात्र बदला लागते.’ त्यांनी जुन्या चेंडूंचा डबा मागवला आणि एकेक चेंडू उचलून, डोळ्यांशी नेऊन पाहत बसले. हा जास्त नवा, तो जास्त घासलेला, याची शिवण सुटलेली. अकोल्याची पोरं कंटाळली. इतका चिकित्सक चेंडू कोणी जन्मात निवडला नसेल! चुलत्याच्या स्कूटरवरून मैनाबाई उतरली, तेव्हा कुठं वामनरावांना चेंडू पसंत पडला.

तिच्या पायांवर अजून हळद होती. सागरनं दिलेला अडकित्ता मुठीत घेऊन ती बाउंड्रीच्या दोरीबाहेर मातीतच बसली. खुर्ची आणली, तिनं पाहिलीसुद्धा नाही.

सागर जीव ओतून खेळला. चौकार अडवायला झेपावला, काळ्या मातीत लोळला, पुन्हा धावला. शेवटच्या चेंडूवर अकोल्यानं सामना मारला. दंडाच्या पाच धावा नसत्या तर तिवसा जिंकलं असतं, आणि हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अंकुश धावत आला, सागरला मिठी मारून म्हणाला, ‘भाऊजी, ताईले मीच सांगतो काय झालं तं.’ वामनराव मान खाली घालून बेल्स गोळा करत राहिले.

सागर आईकडं आला. ती अजून बसलेलीच, अडकित्ता मुठीतच.

‘हारलो, आई.’

‘हारले काय?’ ती त्याच्या हाताला धरून उठली. ‘मले नाई समजत रे त्याच्यातलं. तू पडला का मी पायत होती, उठते का नाई म्हनून.’

तिनं पदरानं त्याच्या कोपरावरची माती पुसली.

‘दर बारीनं उठला.’