व्याह्यांची दाढी

"कात्री, वस्तरा, ब्रश... बाबा, फिरायला आलात की दुकान थाटायला?" बॅग उघडताच लेकीने कपाळाला हात लावला.

"राहू दे गं. हाताला चाळा लागतो," अण्णा म्हणाले.

अण्णांचा जन्म सलूनमध्ये गेला. लेक लग्न करून समुद्रापलीकडच्या या उष्ण देशात आली, तरी विमानाच्या धास्तीने ते आजवर आले नव्हते. आता आले, तर दोनच दिवसांत मेटाकुटीला आले. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ. दुपारी धो धो पाऊस, लगेच चटके देणारं ऊन. गल्लीतला शिंपी एक भाषा बोलायचा, शेजारचा सायकलवाला दुसरी, आणि दोघं भांडायचे तिसरीत! गिऱ्हाइकांशी दिवसभर गप्पा हाणणारे अण्णा इथे तोंडाला कुलूप लावून बसले होते.

व्हरांड्यात त्यांचे व्याहीही तसेच बसलेले असत. आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस. गल्लीत ज्याच्या त्याच्या भाषेत बोलणारा. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. तेव्हापासून त्यांनी फाटक ओलांडलं नव्हतं. दाढी गळ्याखाली आली होती.

"जावई नाही का करून देत?" अण्णांनी विचारलं.

"गेला होता करायला एकदा. सासरे रडायलाच लागले. तुम्ही नका हं हट्ट करू, बाबा."

अण्णांनी हट्ट केला नाही. सकाळी ते स्टूल घेऊन व्याह्यांसमोर बसले, स्वतःच्याच गालांना फेस लावला आणि आरसा त्यांच्या डाव्या हातात दिला.

"जरा धरता का?"

शब्द कळला नाही, पण आरसा धरला गेला. अण्णांनी मान वळवली की आरसाही वळायचा. दाढी उरकून अण्णा तोंड पुसू लागले. व्याह्यांनी आरसा मांडीवर ठेवला आणि हळूच आपल्या दाढीला हात लावला.

लेक दारात येऊन उभी राहिली.

अण्णांनी आधी कात्री चालवली, मग ब्रश. लुळा पडलेला गाल दोन बोटांनी ताणून अलगद वस्तरा फिरवला. तोंडाची टकळी एव्हाना सुरू झाली होती. "तुम्हाला माझं कळत नाही तेच बरं. आता आमच्या हिच्या तक्रारी बिनधास्त सांगतो. घोरते अशी, की शेजारचे भिंत ठोकतात!"

लेक खुदकन हसली. तिच्याकडे बघून व्याहीही हसले, अर्ध्याच ओठांनी.

"हलू नका हो, कापेल!"

तुरटी फिरवून झाली. व्याह्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताने काठी टेकत उठले आणि अण्णांच्या आधाराने पायऱ्या उतरले. फाटकाशी जरा थांबले. अण्णाही थांबले. मग दोघं बाहेर पडले.

शिंप्याचं मशीन थांबलं. सायकलवाला हातातलं चाक टाकून धावत आला, त्याने आपल्या भाषेत मोठ्याने काहीतरी विचारलं. व्याह्यांचे ओठ हलले. शब्द फुटला नाही, पण मान त्यांनी खाली घातली नाही. शिंप्याने लगबगीने दुकानातली एकुलती एक खुर्ची आणून त्यांच्यापुढे ठेवली.

व्याह्यांनी काठी अंगाशी टेकवून खुर्ची डाव्या हाताने अण्णांकडे सरकवली, आणि स्वतः काठीवर ताठ उभे राहिले.