पालकांनी सोबत येऊ नये

धुळ्याजवळची ती निवासी शाळा निंबाभाऊंनी स्वतः निवडली होती. रावेरकडच्या त्यांच्या केळीच्या बागेत जो कोणी पाय ठेवी, त्याला ते ऐकवत, "पोरगी सोताच्या पायावर उभी राह्यली पाह्यजे." भाविका यंदा आठवीत जाणार होती आणि अजूनही तिचं केळं तेच सोलून देत. पण बोलायला काय जातं?

शाळेची अट एकच होती. मुलाखतीला मुलीनं एसटीनं एकटीनं यायचं. पालक सोबत आले तर प्रवेश नाही. तिथं मुलींना आपापली सायकल दुरुस्त करायला शिकवतात म्हणे, आणि एवढ्यावरच भाविका त्या शाळेवर भाळली होती.

जळगावच्या स्टँडवर निंबाभाऊंनी लेकीला गाडीत बसवलं, चार पावलं गेले आणि परत वळले. एप्रिलचं ऊन; अर्धी गाडी तोंडाला फडकी बांधून बसलेली. त्यांनीही पांढरा रुमाल डोळ्यांपर्यंत गुंडाळला आणि गाडी सुटता सुटता ते आत शिरले. तिसऱ्या बाकावर लेकीची पिवळी ओढणी दिसत होती. एरंडोलपर्यंत त्यांनी तिच्यावरची नजर हलवली नाही. मग पहारेकऱ्याचाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा पारोळा मागं पडलं होतं. पिवळी ओढणी जागच्या जागी, तोंड झाकून, मान टाकून झोपलेली. लेकरू सकाळपासून उपाशी असणार. निंबाभाऊंना राहवलं नाही. त्यांनी पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि हळूच ओढणीखालून तिच्या तोंडाशी नेलं.

ओढणी फेकून पन्नाशीच्या एक दांडग्या बाई उठल्या. या एरंडोलला चढलेल्या लताबाई, सरकारी दवाखान्यातल्या नर्स; ओढणी त्यांचीही पिवळीच. त्यांनी निंबाभाऊंची गचांडीच धरली. कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली.

"हाई काय चाली राहिनं?" तो म्हणाला. "कोन शे तू? चाल पोलीस चौकीले."

पोरगी गाडीत आहे म्हणावं तर तिची शाळा जाते, न म्हणावं तर चौकी. बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या निंबाभाऊंनी तोंड घट्ट मिटून घेतलं. जाऊ दे, चौकी तर चौकी.

तेवढ्यात, एरंडोललाच सावली पाहून मागच्या बाकावर गेलेली भाविका पुढं आली.

"काका, हे माझे पप्पा आहेत," ती कंडक्टरला म्हणाली. "पहिल्यांदाच एकटे निघालेत. जरा सांभाळून घ्या."

गाडी खदखदून हसली. लताबाईंनी गचांडी सोडली आणि सोललंच आहे म्हणून केळंही खाल्लं.

धुळ्याला भाविकानं बापाला परतीच्या गाडीत खिडकीशी बसवलं.

"माह्यापायी तुही शाळा गेली ना?" निंबाभाऊंनी खिडकीतून विचारलं.

"मॅडमले खरं सांगून पाह्यते. तुम्ही मधी कुठं उतरू नका."

संध्याकाळी मुख्याध्यापिका दिपमाला मॅडमांचा फोन आला.

"भाविकानं सगळं सांगितलं. तिला प्रवेश दिलाय," त्या म्हणाल्या. "तिनं एकच सवलत मागितली. आमच्याकडे आठवड्यातून एकदाच घरी फोन करू देतात, तिला सुरुवातीला रोज करायचाय. पप्पांना एकटं राहायची सवय नाही म्हणते."

निंबाभाऊंना धड हसता येईना, धड रडता येईना.

"मंग दिली का सवलत?" त्यांनी घाईघाईनं विचारलं.