जीवनची सकी

जीवनची सकी येनार म्हनून रेनुकानं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. दोनदा अंगन झाडलं, तिसऱ्यांदा झाडाले निंघाली तवा मी झाडनी हिसकून घेतली. म्हनलं, बस एका जागी, माती बी शिल्लक ठेवशीन का नाही?

मी तिची मोठी जाऊ, भागाबाई. जीवन तिचा एकुलता एक. आमच्या तामसीकडच्या गावातून पोरगा इंजिनेर झाला, ऑस्ट्रियात नोकरीले गेला. तिथं बर्फावर घसराच्या खेळाचं याड लागलं, अन् त्याच बर्फावर गेल्या माघात जीव गेला त्याचा. पेटीत बंद होऊन घरी आला. तेरवी झाली, होळी बी झाली. कोनी म्हनते, दिवसामागं दुःख कमी होते. त्याचं तोंड मोडो!

रेनुकाले एकच आधार होता. जीवन म्हने, सकीबिगर मी बर्फावर पाय ठेवत नाही. म्हन्जे पोरगा मरतानी एकटा नवता, सकी होती संगं.

सकी कोन? आता आमच्याकडं सखूले सकीच म्हनतात. जीवनचा फोन आला का तिचंच पुरान चाले. “आई, नवी सकी आनली नं. लई कडक हाय.” लगनाआधी आनली म्हन्ते निलाजरा! मी कान टवकारून बाजूलेच बसो. “कमरंत बारीक हाय, आई. मी जराक वाकलो का वळते. पन चुकलो तं माफ करत नाही, धाडकन पाडते.” मी म्हनलं, हे रेनुका, तुह्या पोराले बरी भेटली! एकदा म्हने, “रोज राती तिले मेन लावतो, मंगच झोपतो.” फोन ठेवल्यावर रेनुकाचे डोये भरून आले. “बाई, मेनावर कुकू लावते हो पोरगी, जुन्या बायायवानी! इतक्या दूर राहून. आपल्यातलीच असन कोनी.” म्हनलं, अवं, पन लावून देते तो! आतापासूनच बैल झाला बायकोचा. लई हासलो आमी.

फोनवर तिचं तोंड दाखव, असं रेनुका कधी म्हनली नाही. पोरगं लाजन अन् सांगाचंच बंद करन, हे भेव. तोच म्हने, “गावाले आलो का संगंच आनतो, पाहून घेजो.” मंग ते पेटी आली. माती झाली त्या दिवशी रेनुका रडता रडता एकेका बाईच्या तोंडाकडं पाहत होती. सकी दिसली नाही.

परवा आदिलाबादहून एका पोरीचा फोन आला. म्हने, मी जीवनसंगं तिकडं कामाले होती, सुट्टीत घरी आली हाव, त्याची वस्तू आनून द्याची हाय. रेनुकाले इतकं पुरे झालं, तिनं नाव बी विचारलं नाही. तिनं नवीन लुगडं आनलं, तेबी हिरवंगार. मी म्हनलं, अवं, हिरवं काऊन? तं म्हने, “लगन कुठं झालं होतं, बाई? माह्या पोरापायी तिनं पांढऱ्या कपाळानं काऊन राहावं? वटी भरून धाडीन. म्हनीन, दुसरं घर पाह्य, माय. पन आधी विचारीन, शेवटी काय बोलला तो तुह्यासंगं.”

दुपारी गाडी आली. उंच, शहरातली पोरगी, डोये सुजलेले. खांद्याहून उंच अशी एक लांबच लांब पिशवी तिनं ओढतच आत आनली. रेनुकानं धावत जाऊन कवटाळलं. “आली का वं, माही सकी!” पोरगी बी गळ्यात पडून रडली. तिले वाटलं, मायेनं म्हनत असन.

रेनुकानं तिले पाटावर बसवलं, वटीचं ताट आनलं, अन् आमच्या सासूची मेनाची डबी उघडली.

“मेन आनलं वं. जीवन सांगे, तुले मेन लागते.”

“मला? मेण?”

“तोच लावे नं रोज राती. सकीले.”

पोरीचा चेहरा उतरला. रेनुकाकडं पाहत राह्यली, मंग हळूच म्हनली, “काकू... स्की?”

तिनं पिशवीची चेन ओढली. आतून दोन लांब पट्ट्या निंघाल्या. लाल, गुळगुळीत, काठाले पोलाद.

“काकू, ही स्की. बर्फावर घसरताना पायाला बांधतात. मी उत्कर्षा, त्याच्या ऑफिसातली. मला तर बर्फावर उभंही राहता येत नाही.” तिनं एक पट्टी उलटी केली. “ह्या साध्या नाहीत. पट्टीच्या खेळाडूच्या आहेत. रात्री मशीन फिरवून उतार सारखा करतात, वखरलेल्या वावरासारखा, असं जीवनच सांगायचा. त्या उतारावर पट्टीच्या काठावर झुकून वळायचं. खालून मेण लावतात, घसरायला.”

रेनुकानं पट्टीवरून हात फिरवला. टोकाले रुंद, मधात बारीक. हात तिथंच थांबला.

“कमरंत बारीक,” ते म्हनली.

मले वाटलं, आता हंबरडा फोडन. नाही फोडला. म्हने, “मंग त्याच्यासंगं कोन होतं?”

रेनुकाच्या मागं उभी राहून मी त्या पोरीले हात जोडले. मनात म्हनलं, म्हन, माय, मी होती म्हन. कोनीबी होतं म्हन. पोरीनं माह्याकडं पाह्यलं, अन् मान खाली घातली.

“कोणी नव्हतं, काकू. सकाळी उतार कोरा असतो, म्हणून तो एकटाच वर गेला. बऱ्याच वेळानं सापडला.”

असा राग आला मले! खोटं बोलली असती तं काय जीभ झडली असती?

“पडल्यावर जिता होता?”

“होता. थोडा वेळ होता, असं डॉक्टर म्हणाले.”

रेनुका त्या पट्ट्यायजवळ जमिनीवर बसली. मंग शाळेतल्या पोरीवानी तिनं उत्कर्षाले विचारलं, “मंग हाक मारली असन नं त्यानं? ‘आई वं’ म्हनला असन. तिकडच्या लोकाइले समजते का, माय, ‘आई’ म्हन्जे काय?”

उत्कर्षानं मान हलवली, नाही म्हनून.