हळूहळू गळण्याची शिक्षा

मी पाण्याचा एक जुना लोखंडी पाइप आहे, आणि आधीच सांगतो मित्रांनो, माझं डोकं फिरलेलं आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

प्लॉवदिव्ह शहरातल्या एका इमारतीत तळघरापासून गच्चीपर्यंत मला उभं केलं तेव्हा मी नवा कोरा होतो. हिवाळ्यात माझ्यावर टॉवेल वाळायचे. आमचा पाइप म्हणजे एकदम पक्का, असं लोक पाहुण्यांना सांगायचे. पुढे ज्यानं त्यानं आपापल्या घरापुरतं मला कापलं आणि प्लास्टिकचा पाइप बसवला. दोन मजल्यांच्या मधला तुकडा मात्र कुणाचाच नव्हता. तो मी. माझ्या वर चौथ्या मजल्यावरचा आसेन, खाली रुसका आजी. आसेननं माझ्यावर महागडी निळी फरशी ठोकली. गांचो प्लंबर सांगत होता, तपासायला छोटंसं दार ठेव. पण दारानं म्हणे बाथरूमची शोभा जाते!

मी आतून गंजलो. एकदम फुटलो असतो तर आजीचं घर बुडालं असतं. म्हणून दात-ओठ खाऊन धरून राहिलो आणि थेंबथेंब गळलो. तरी आजीचं छत काळं पडलं आणि एक दिवस गिलाव्याचा पोपडा तिच्या सूपच्या पातेल्यात पडला.

विम्याचा माणूस आला. छताकडे बघून म्हणाला, "आजी, पाइप अचानक फुटला असता तर भरपाई दिली असती. हा हळूहळू गळतोय. झीज आम्ही भरून देत नाही."

"म्हणजे बिचाऱ्यानं आवरून धरलं, हीच त्याची चूक?" आजी कडाडली. "आणि इतकी वर्षं माझे हप्ते काय एकदम घेतलेस रे? तेही हळूहळूच घेतलेस ना?"

तो बॅग उचलून निघून गेला. मला त्याच क्षणी फुटावंसं वाटलं, खरंच सांगतो!

गांचोनं दुरुस्तीचा खर्च सांगितला. आजीनं नव्या दातांसाठी साठवलेलं सगळं त्यात जाणार होतं. शिवाय फरशी वरूनच फोडावी लागणार होती. आसेन म्हणाला, "फरशीला हात लावायचा नाही. छत तुमचं, तुम्हीच बघा." इमारतीच्या बैठकीत बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत बसले. एवढा संताप आला मला!

मग हिवाळ्यासाठी कोबी मिठाच्या पाण्यात खारवायचे दिवस आले. घरोघरी पिंपं धुऊन ठेवलेली, आसेनचा अंघोळीचा टब कोबीच्या गड्ड्यांनी भरलेला. आजी तळघरात उतरली, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, तळघराला कुलूप लावलं आणि पायरीवर बसली.

सगळी इमारत खाली धावली. "आजी, पाणी कुठं गेलं?"

"माझ्या छतात आहे. या आणि घेऊन जा."

"अहो, मीठ घालून बसलोय मी!" आसेन ओरडला. "माझा कोबी सडेल!"

"सडेल की. पण हळूहळू. त्याची भरपाई मिळत नाही, बाळा."

पहिल्या मजल्यावरची स्तोयांका बाई आसेनवर खेकसली, "फोड मेल्या ती फरशी!" पैसे सगळ्यांनी मिळून काढले, आणि संध्याकाळपर्यंत गांचोनं मला ओढून बाहेर काढलं.

आता मी आजीच्या बाल्कनीत पडून असतो. ती नव्या दातांनी खारवलेल्या कोबीचा दांडा कराकरा चावते, आणि तो आवाज ऐकून माझा राग थोडा उतरतो.

थोडाच. मित्रांनो, भिंतीमागे मुकाट गळणारा कुणीतरी तुमच्याकडेही असेल. तो फुटायची वाट बघू नका. त्याच्यासाठी हातभर दार ठेवा, शोभा गेली खड्ड्यात!

परवा आसेननं नवी फरशी बसवली. याही वेळी दार ठेवलेलं नाही.

तळघराची किल्ली अजून रुसका आजीकडेच आहे.